भाषेच्या रकान्यातलं ‘नाही’

भवानीबाई जगदाळ्यांनी तो कागद दोनदा वाचला. एकदा चष्म्याशिवाय, एकदा चष्मा लावून. मजकूर तोच राहिला. हिंदीत छापलेला फॉर्म, खाली जांभळा गोल शिक्का. नाव अक्षदा, वय नऊ. दोन्ही कानांनी ऐकू येत नाही. इथवर खरं होतं, ते सगळ्यांना माहीत होतं. त्याखाली लिहिलं होतं, ‘बुद्धि : मंद, पचहत्तर प्रतिशत.’ आणि त्याच्याही खाली, एका स्वतंत्र रकान्यात, ‘भाषा : नहीं.’

“नाही म्हणजे?” भवानीबाईंनी विचारलं.

नेहा, त्यांची मुलगी, अक्षदाची आई, लेकीला घेऊन धारहून देवासला बसने आली होती. अजून पायही धुतले नव्हते तिने. “म्हणजे बोलत नाही ना ती, आई. म्हणून.”

“बोलत नाही ते वर आलंय की. कानच नाहीत तर बोलेल कशी? मग हे खाली निराळं काय लिहून ठेवलंय?”

नेहाने पिशवी खाली ठेवली. अक्षदा समोर वेताच्या मोढ्यावर बसून दोघींच्या तोंडाकडे बघत होती. आपल्याबद्दल चाललंय हे तिला कळलं होतं. तिने आजीकडे बघून भुवया वर केल्या, कागदाकडे बोट केलं, मग स्वतःकडे. माझं आहे का ते? भवानीबाईंनी मान हलवली. तुझंच. मग पोरीने पंजा उलटा केला. चांगलं की वाईट? आणि भवानीबाईंचं डोकं तिथे सणकलं. जी पोर आपल्याबद्दलच्या कागदात चांगलं लिहिलंय की वाईट असं विचारते, तिला भाषा नाही म्हणे.

कागद नुसता अपमानाचा असता तर त्यांनी तो चुलीत घातला असता. पण त्याच्यावर पोरीचं पुढचं सगळं अडकलं होतं. इंदूरला मूकबधिर मुलांची एक शाळा आहे. तिथे दोनशे मुलं हातांनी बोलतात, हातांनीच भूगोल आणि गणित शिकतात. अक्षदाला तिथे घालायचं ठरलं होतं. शाळेने हा कागद पाहिला आणि परत दिला. बुद्धीची अडचण असलेली मुलं आम्ही घेत नाही म्हणाले, कागद बदलून आणा, तीस जूनपर्यंत जागा ठेवतो. नाहीतर मग धारला ज्या संस्थेच्या केंद्रात तपासणी झाली, तिथेच एक दिवसभराचा वर्ग होता. त्यात मुलं सतरंजीवर बसतात, दुपारी खिचडी खातात आणि चारला घरी जातात. अक्षदाच्या आजोबांनी, गणपतरावांनी, त्या वर्गाच्या फॉर्मवर सहीसुद्धा केली होती.

“सही केली?” भवानीबाई म्हणाल्या. “मला न विचारता?”

“तुला कशाला विचारतील, आई? घर त्यांचं.”

ते मात्र खरं होतं. धारचं घर एकेकाळी दरबारी मानकऱ्यांचं. आता जावई पीथमपूरला कारखान्यात नोकरीला आहेत आणि सासरे निवृत्त हेडक्लार्क, पण बोलण्यात अजून ‘आम्हांस’ आणि ‘आपण बसावं’ आहे. आणि भवानीबाई? त्या साताऱ्याकडून नवऱ्याच्या मागे देवासला आलेल्या. नवरा कारखान्यात, त्या सूतगिरणीत. वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायच्या यंत्रांवर, एकतीस वर्षं. नेहा दिसायला देखणी निघाली, बी.कॉम. झाली, म्हणून त्या घरात पडली. नाहीतर गिरणीवाल्या बाईची मुलगी तिथे कोण करून घेतो.

पण गिरणीवाली होती म्हणूनच भवानीबाईंना हे कळलं, जे दरबारी घराला कळलं नाही.

वाइंडिंग खात्यात शिरलं की कानात आवाज नाही, भिंत शिरते. शेजारची बाई कानाशी ओरडली तरी नुसता तिचा श्वास लागतो. त्यामुळे तिथे सगळ्या जणी हातांनी बोलायच्या. दोन बोटांची कात्री केली की धागा तुटला. ओठावर मिशी पिळली की जॉबर, म्हणजे मुकादम, येतोय, सावध. अंगठा तोंडाला म्हणजे चहा. पोटावर मूठ म्हणजे आज माझ्या वाटणीचं तू बघ, दुखतंय. नव्या मुलीला आठ दिवसांत हे यायचं. भवानीबाईंचेही कान गिरणीने अर्धे खाल्ले, पण हात तयार झाले. म्हणून अक्षदा तीन वर्षांची असताना, धारचे सगळे लोक तिच्या नावाने टाळ्या वाजवत आणि ताटं बडवत होते तेव्हा, या आजीने तिच्यासमोर बसून अंगठा तोंडाला लावला. पोरीने आतून पाण्याचा गडू आणून दिला. चहा नाही, पण पिण्याचं काहीतरी हे तिला कळलं होतं.

तिथून दर उन्हाळ्यात अक्षदा देवासला. आणि दर उन्हाळ्यात भवानीबाई थक्क व्हायच्या.

कारण पहिल्या वर्षीच पोरीने गिरणीचे हात मागे टाकले. एक दिवस दारातलं कुत्रं स्वयंपाकघरात घुसलं आणि पोळी घेऊन पळालं. भवानीबाई तेव्हा बाजारात होत्या. त्या आल्यावर पोरीने हवेत डाव्या बाजूला एक जागा केली, तिथे कान हलवून दाखवले, कुत्रं. उजवीकडे दुसरी जागा, तिथे पोळी. मग डावीकडून हात उजवीकडे गेला, झडप घालून परत आला, आणि दाराबाहेर. पुढचा अर्धा तास तिला कुत्र्याबद्दल काही सांगायचं असलं की कान हलवायची गरज नाही. नुसतं डावीकडे बोट. तिथे कुत्रं बसवलेलं होतं ना! भवानीबाईंना ते लक्षात यायला दोन दिवस लागले. आल्यावर त्या ओट्याशी उभ्या राहून स्वतःशीच म्हणाल्या, अगं बाई.

खांद्यावरून मागे हात टाकला की काल. हनुवटीपासून पुढे ढकलला की उद्या. दोन बोटं कपाळाला लावून उघडली की ‘समजा’. समजा पाऊस आला तर? समजा तू मेलीस तर मी कुठे? हे सहाव्या वर्षी विचारलं तिने. गिरणीत एकतीस वर्षं शेकडो बायांच्या बोटांनी कुणी ‘काल’ म्हटलं नव्हतं. ‘समजा’ तर नाहीच. सासूची गाऱ्हाणी सांगायची असली तर जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबावं लागायचं, तोंडाने बोलता येईल अशा जागी. बोटांत ती मावतच नव्हती.

हे सगळं कुणाला नीट समजलं असेल तर वरच्या मजल्यावरच्या ऋतिकाला. ती इंदूरला भाषाविज्ञान शिकते. कागद आला त्या संध्याकाळी ती भवानीबाईंच्या गच्चीवर आली होती, वाळवणाचे पापड उचलायला मदत म्हणून. समोरच्या पाण्याच्या टाकीवर वानरांचा कळप. टेकडीवरून उतरतात, पेरू खातात, जातात. तेवढ्यात गल्लीत कुत्री भुंकत आली आणि म्होरक्या वानराने खॉक् केलं. सगळी वानरं एका उडीत वर.

“पाहिलंत आजी?” ऋतिका म्हणाली. “ही त्यांची हाक. कुत्रं आलं, पळा. पण ती हाक फक्त आत्ता, इथे. कालच्या कुत्र्याबद्दल ते वानर आज काही सांगू शकत नाही. निदान आजवर तसं कुणाला दिसलेलं नाही.”

“म्हणजे आमची गिरणी.”

“कसं काय?”

“धागा तुटला, जॉबर आला, चहा दे. आत्ता, इथे. वानराचंच की.”

ऋतिका खळखळून हसली. मग हसणं थांबवून म्हणाली, “पण हेच तर सगळं आहे, आजी. वानरं आणि आपण एकाच कुळातले. त्यांची हाक आणि आपलं बोलणं यांच्या मधलं काय झालं, कधी झालं, यावर मोठमोठ्या विद्वानांची भांडणं आहेत. दगडाची कुऱ्हाड जमिनीत सापडते, बोललेलं सापडत नाही. कुणी म्हणतं आधी गळा तयार झाला. कुणी म्हणतं आधी हात बोलले, आवाज मागून आला. कुणी लाख वर्षं म्हणतं, कुणी पाच लाख. पक्कं कुणालाच माहीत नाही.”

“बघ, विद्वानांना माहीत नाही. आणि त्या तपासणीवाल्या धारच्या मॅडमना अर्ध्या तासात माहीत झालं, भाषा नाही म्हणून.”

“एक गोष्ट मात्र दिसलीय,” ऋतिका म्हणाली. “माणसाच्या पोराला भाषा मिळाली नाही तर ते स्वतः करायला घेतं. कुणी न शिकवता. कानावाटे रस्ता बंद असला तर हातांवाटे. ते आतूनच येतं, जसे दुधाचे दात येतात. वानराच्या पोराला घरात वाढवलं, कितीही शिकवलं, तरी ते असं करत नाही. अक्षदाने एकटीने ‘काल’ केलंय, आजी. एकटीने!”

“मग आणखी काय पाहिजे त्या लोकांना?”

“पण एकटीने एवढंच होतं,” ऋतिका हळू आवाजात म्हणाली. “पुढचं करायला सोबत लागते. तिच्यासारखी दहा-वीस मुलं लागतात, मोठी माणसं लागतात. आणि ते लहानपणीच. उशीर झाला की दार हळूहळू बंद होत जातं. नऊ म्हणजे आधीच उशीर आहे.”

भवानीबाईंनी पापडांची टोपली खाली ठेवली. तीस जूनला पाच दिवस होते.

दुसऱ्या दिवशी त्या नेहाबरोबर आणि अक्षदाबरोबर धारला गेल्या. व्याह्यांच्या घरी न बोलावता जायची त्यांची ही पहिली वेळ.

गणपतरावांनी उठून नमस्कार केला. “यावं, विहीणबाई. आपण बसावं. अचानक येणं केलंत?”

“कागदासाठी आले.”

“कागद झाला आहे. सरकारी शिक्का आहे. आता त्यावर वाद घालणं आम्हांस प्रशस्त वाटत नाही.”

“तुम्हांस वाटत नाही, ठीक. पोरीला काय वाटतं?”

गणपतराव हसले, दुखावल्यासारखे. “ती काय सांगणार, विहीणबाई? हात हलवते बिचारी. त्यात अर्थ शोधणं हे आजीचं प्रेम. आम्हीही जीव लावतो तिला. तपासणीला आम्ही स्वतः घेऊन गेलो होतो. इतकी शहाण्यासारखी बसली पोर, अर्धा तास हूं की चूं नाही केलं. तरी मॅडम म्हणाल्या, एकाही प्रश्नाला उत्तर नाही. मग आम्ही काय करणार?”

अक्षदा ओसरीच्या कडेला बसली होती. आजोबा बोलायला लागले तसे तिने दोन्ही हात जोडून मांडीवर ठेवले होते. भवानीबाईंच्या ते लक्षात आलं, पण कशाचं लक्षण आहे ते कळलं नाही. देवासला पोरीचे हात क्षणभर गप्प नसायचे. इथे आल्यापासून एक शब्द नव्हता.

रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी नेहाला पकडलं. “हिचे हात का बांधल्यासारखे असतात गं इथे?”

नेहाने भांडी घासता घासता मान वर केली नाही. “घरची रीत आहे, आई. मोठ्यांसमोर, पाहुण्यांसमोर हात जोडून बसायचं. मामंजींचे भाऊ, विक्रमसिंह काका, आले की मुलं, सुना, सगळी तशीच बसतात. तिला ते शिकवलंय मामंजींनी. हातवारे केले की घराण्याचं नाव जातं म्हणतात. हळदीकुंकवाला तर मीच तिचे हात पदराखाली धरून ठेवते. बायका बघतात ना.”

“म्हणजे तोंड दाबून ठेवतेस.”

“आई!”

“दुसरं काय? तुझ्या तोंडावर असा हात ठेवला हळदीकुंकवाला कुणी, तर? सहा वर्षं ठेवला, तर?”

नेहा रडायला लागली. भवानीबाईंनी तिला जवळ घेतलं नाही. त्या वेळी घ्यावंसं वाटलं नाही त्यांना. संताप इतका होता की तो लेकीलाही पुरून उरला.

अठ्ठावीस तारखेला सगळे केंद्रावर. सही पालक म्हणून गणपतरावांची, त्यामुळे त्यांनाही यावं लागलं. पांढरा पायजमा, काळी टोपी, हातात काठी. बाहेरच्या बाकांवर पंचवीस-तीस माणसं. नंबर लागायला दीड वाजला.

आतल्या मॅडम वाईट नव्हत्या. थकलेल्या होत्या. डब्याचं झाकण अर्धं उघडं टेबलावर, पंख्याखाली कागद उडतायत, दारात एक पोट सुटलेला शिपाई. त्यांनी जुना कागद पाहिला, फाईल चाळली. “टेस्ट तो हो चुकी है, अम्मा. मैंने बीस सवाल पूछे थे. एक का भी जवाब नहीं दिया बच्ची ने.”

“कैसे पूछे थे?”

“कैसे मतलब?”

भवानीबाईंनी अक्षदाकडे वळून हात चालवले. खांद्यावरून मागे, खूप मागे. ही बाई. तू. इथे. काय झालं?

पोरीने आधी आजोबांकडे पाहिलं. तिचे हात जोडलेले. भवानीबाईंनी पुढे होऊन ते जोडलेले हात स्वतःच्या हातांनी सोडवले. “बोल,” त्या तोंडाने म्हणाल्या, आणि हातांनीही.

आणि पोर बोलली. डावीकडे तिने मॅडमना बसवलं, समोर आजोबांना. मॅडमच्या जागी फाईल तोंडापुढे धरली, तोंड त्यामागे. तोंड हललं की नाही, दिसत नाही. मग फाईल खाली, मॅडम कागदावर लिहितायत, वर बघत नाहीत. पुन्हा फाईल. मग समोरच्या जागेकडे बोट, डोक्यावर टोपी, हात जोडून दाखवले आणि दटावण्याची मान. त्यांनी घरूनच सांगितलं होतं, हात जोडून बसायचं, हलवायचे नाहीत. मी हलवले नाहीत. मी चांगली बसले. मग ही बाई रागावली का?

भवानीबाई एकेक शब्द हिंदीत सांगत गेल्या.

गणपतरावांची काठी जमिनीवर होती, तिच्यावरचा त्यांचा हात हलला नाही. फक्त चेहरा बदलला. “आम्ही...” त्यांनी टोपी काढून हातात घेतली. “आम्हांस वाटलं, पोर शिस्तीत बसली. आम्ही घरी आल्यावर तिला पेढा दिला.”

“दिलात,” भवानीबाई म्हणाल्या. “गप्प बसल्याबद्दल.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं होतं. पण त्या लगेच मानणाऱ्यांतल्या नव्हत्या. “अम्मा, बुरा मत मानना. ये सब आप बोल रही हैं. बच्ची ने हाथ हिलाए, कहानी आपने बना दी. दादी का प्यार मैं समझती हूँ. इशारे तो कुत्ता भी समझता है.”

“समझता है मैडम,” भवानीबाई म्हणाल्या. “बताता नहीं.”

मॅडमनी पेन पुन्हा उचललं.

“ऐसा करो,” भवानीबाई म्हणाल्या. “मैं बाहर जाती. मेरी बेटी भी, ये भी. दरवाजा बंद. आप इसके सामने कुछ भी करो, जो मन में आए. फिर मैं आऊँगी, ये मेरे को बताएगी, मैं आपको. गलत निकला तो मैं ये कागज माथे को लगाके घर ले जाऊँगी. मंजूर?”

शिपाई दारातून हसला. “अम्मा, मजिस्ट्रेट बना दो आपको.”

“तू हस, भिया. तेरे को भी काम लगनेवाला है.”

शिपाई आत राहिला, दार बंद झालं. बाहेर नेहाने आईचा हात घट्ट धरला. गणपतराव भिंतीकडे तोंड करून उभे होते. दहा मिनिटं झाली. आत मॅडमचा फोन वाजलेला ऐकू आला, मग पुन्हा शांत. दार उघडलं.

अक्षदा खुर्चीवर ताठ बसली होती, डोळे चमकत होते. भवानीबाईंनी नुसतं विचारलं, काय?

हात सुरू झाले. इथे मॅडम, इथे पोटवाला. पेन. त्याने मॅडमना दिलं. त्यांनी ठेवून घेतलं नाही, परत दिलं. मग त्याने कचऱ्याच्या डब्यात टाकलं. मग मॅडमनी चप्पल काढून खुर्चीवर ठेवली. मग जेवणाच्या डब्याचं झाकण पोटवाल्याच्या डोक्यावर. इथे पोर हसली.

भवानीबाईंनी सांगितलं. मॅडमनी आपल्या कागदावर लिहून ठेवलेल्या ओळी बघितल्या. पेन कुणी कुणाला दिलं, कुणी परत केलं, सगळं बरोबर.

“बस, इतना ही,” मॅडम म्हणाल्या. आवाज बदलला होता.

पण अक्षदाचं झालं नव्हतं. तिने दोन बोटं नाचवत आजीचं लक्ष वेधलं. मग, म्हणजे नंतर. मॅडम कानाला हात लावून खिडकीकडे. फोन. पोटवाल्याने कचऱ्याच्या डब्यातून पेन परत काढलं. खिशात. का? पोरीने शिपायाच्या छातीकडे बोट केलं आणि मूठ स्वतःच्या छातीशी घेतली. ते त्याचंच होतं.

भवानीबाईंनी तेही सांगितलं. सगळ्यांनी शिपायाकडे पाहिलं. त्याने खिशावर हात ठेवला. “मैडम, वो तो... मेरा ही पेन था. नया था. फेंकने को बोला आपने, तो...”

नेहा हसली. रडतानाच हसली. मॅडम हसल्या नाहीत. त्यांनी फाईल उघडून जुना कागद बाहेर काढला आणि त्याच्यावर आडवी रेघ मारली.

पुढचा दीड तास चित्रांची तपासणी झाली. ठोकळे, आकृत्या, गोष्टीची चित्रं क्रमाने लावायची. मॅडम आता फाईल तोंडापुढे धरत नव्हत्या. सगळं नऊ वर्षांच्या पोरीचं निघालं, एका ठिकाणी अकराचं. संगणकावर नवा फॉर्म उघडला. ‘बुद्धि : सामान्य.’ मग भाषेचा रकाना. त्यात निवडायला तीनच गोष्टी होत्या, हिंदी, अंग्रेज़ी, नहीं.

“इसमें तो...” मॅडम थांबल्या.

“जगह बनाओ,” भवानीबाई म्हणाल्या.

“सिस्टम में नहीं है, अम्मा.”

“तो हाथ से लिखो. आपके सिस्टम के पहले भी लोग बोलते थे. लाख बरस से बोलते हैं.”

मॅडमनी कागद छापला, पेनाने ‘नहीं’ खोडलं आणि वर लिहिलं, ‘हाथों की भाषा.’ सही. शिक्का. मग म्हणाल्या, “मुझे उस दिन अट्ठाईस बच्चे देखने थे.” ते माफीसारखं होतं, पण माफी नव्हती. भवानीबाईंना त्यांची कीवही आली आणि रागही आला, आणि राग मोठा निघाला. अठ्ठावीस. म्हणजे अक्षदा एक. बाकीच्यांचं काय?

बाहेर आल्या तेव्हा बाकावर एक बाई बसली होती, बदनावरकडची, घुंगट अर्धा ओढलेला. तिच्या शेजारी तिची मुलगी, पंचविशीची असावी, ओढणीचं टोक बोटाला गुंडाळून सोडत, गुंडाळून सोडत. अक्षदा सरळ जाऊन तिच्यासमोर उभी राहिली. हात केला. ती पंचविशीची मुलगी बघत राहिली. मग तिने ओढणी सोडली आणि एक बोट उचललं. अर्धवट, चाचरत. अक्षदाने पुन्हा विचारलं, निराळ्या रीतीने. मुलीने दुसरं बोट उचललं.

“सुनती नहीं क्या ये?” भवानीबाईंनी विचारलं.

“कई करां बेन,” ती बाई म्हणाली, “ई तो जनम से गूंगी है. दिमाग भी कमजोर है. कागज पे लिख्यो है.”

भवानीबाईंनी कागद मागितला. सोळा वर्षांपूर्वीचा, घड्यांवर फाटलेला, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेला. भाषेचा रकाना तेव्हाही होता. त्यात तोच शब्द होता.

सोळा वर्षं.

“विहीणबाई,” गणपतराव मागून म्हणाले, “गाडी उभी आहे. उद्या इंदूर गाठायचं आहे.”

“गाठू. तुम्ही जा पोरीला घेऊन गाडीत.”

“आणि आपण?”

भवानीबाई तो फाटका कागद हातात धरून परत दाराकडे वळल्या. शिपाई आडवा आला. “अम्मा, आपका तो हो गया ना.”

“मेरा हुआ,” त्या म्हणाल्या. “इनका नहीं हुआ. हट.”

तो हटला. आत मॅडमनी मान वर केली. बाहेर गणपतराव गाडीकडे गेले नाहीत. त्यांनी काठी भिंतीला टेकवली आणि बाकावर, त्या दोन मुलींच्या शेजारी बसले. अक्षदाचे हात जोरात चालले होते, आणि त्यांनी ते थांबवले नाहीत.